लोक्वेशस, गॅरुलस आणि आपला बोलघेवडा

प्रश्न असा आला आहे : 'मी पुण्यात जीआरईची, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करते आहे. अप्पा बळवंत चौकातून इंग्रजी शब्दसंग्रहाचं पुस्तक आणलं, रोज यादी पाठ करते. पण लोक्वेशस आणि गॅरुलस या दोन्ही शब्दांपुढे "बडबड्या" एवढाच अर्थ दिला आहे. मग दोन शब्द कशाला? आणि असे शब्द लक्षात तरी कसे ठेवायचे?'

आधी फरक. लोक्वेशस म्हणजे बोलायची हौस असलेला, भरपूर बोलणारा. शब्द भारदस्त, लेखी वळणाचा आहे, पण त्यात निंदा असतेच असं नाही. आपला 'बोलघेवडा' त्याच्या पुष्कळ जवळ जातो. गॅरुलस माणसाचं बोलणं मात्र ऐकणाऱ्याला नकोसं होतं. विषय क्षुल्लक, लांबण फार, मुद्दा भलतीकडेच. आपण 'काय चऱ्हाट लावलंय' म्हणतो, ते हेच. गॅरुलससाठी काही जण 'वाचाळ' सुचवतात, ते मला पटत नाही. आजच्या मराठीत वाचाळ म्हणजे तोंडाला लगाम नसलेला, नको ते बोलून वाद ओढवून घेणारा. बातम्यांतले 'वाचाळवीर' आठवा. गॅरुलस माणूस कुणाला दुखावेलच असं नाही, तो थांबत नाही एवढीच तक्रार असते. म्हणून 'पाल्हाळिक' बरा.

हा फरक मुळातही दिसतो. लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणे आणि 'गॅरिरे' म्हणजे बडबडणे, किलबिलणे. हिमालयातही आढळणाऱ्या 'जे' नावाच्या कलकलाटी पक्ष्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव गॅरुलसच आहे. एवढं कळलं की हा शब्द विसरणं कठीण.

लोक्वीचं गोत तर फारच मोठं आहे. एलोक्वंट म्हणजे प्रभावी बोलणारा, कलोक्विअल म्हणजे बोलचालीतलं, सलिलक्वी म्हणजे नाटकातलं स्वगत. बोलक्या बाहुल्यांचे शब्दभ्रमकार ते व्हेंट्रिलोक्विस्ट, शब्दशः 'पोटातून बोलणारे'. 'वद्' या एका धातूवरून संवाद, विवाद, अनुवाद, अपवाद ओळखणाऱ्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटायला नको. खरं तर शाळेत संस्कृत शिकलेल्यांना इंग्रजी शब्दांसाठी ही केवढी तयारी आयती मिळालेली असते, आणि तिचा उपयोग कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मात्र रूपावरून अर्थ ताडताना सावध राहा. एनर्व्हेट हा शब्द एनर्जीसारखा दिसतो, पण त्याचा अर्थ बरोबर उलटा : शक्ती काढून घेणे, गलितगात्र करणे. नॉइसमचा नॉइजशी, म्हणजे आवाजाशी, संबंध नाही. तो 'अनॉय'च्या कुळातला, आणि अर्थ दुर्गंधीयुक्त किंवा किळसवाणा.

आता पाठांतराचं. ऑगस्ट 2011 मध्ये जीआरईचं स्वरूप बदललं, तेव्हा विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न गेले. आता शब्द वाक्यात बसवावा लागतो. एका प्रकारात तर सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहावा. यादीतला एकशब्दी मराठी अर्थ इथे अपुरा पडतो.

म्हणून यादी फेकू नका, पण प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य लिहा, चांगल्या कोशातून उतरवलेलं. त्याखाली दुसरं तुमचं स्वतःचं, ज्यात जवळचा दुसरा शब्द चालणार नाही असं. लोक्वेशससाठी पाहुण्यांशी तासभर रंगून गप्पा मारणारी मावशी घ्या. गॅरुलससाठी बँकेच्या रांगेत आपल्या गुडघेदुखीचा इतिहास अनोळखी माणसाला ऐकवणारे गृहस्थ. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, आणि दर वेळी अर्थ झाकून. रोज पन्नास शब्दांवरून नजर फिरवण्यापेक्षा असे पाच करा. सहावा म्हणून टॅसिटर्न घ्या : स्वभावतःच अबोल, या दोघांच्याही विरुद्ध टोकाचा.