सहा गुण आले, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न: मी मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. खेड्यात वाढले. वडिलांचं दारूचं व्यसन, आईला होणारी मारहाण, सगळं पाहिलंय. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची प्रश्नावली भरली तर दहापैकी सहा गुण आले. मला पुढे हृदयविकार होईल का? आणि माझ्यासारखीने खेड्यात याच विषयावर काम करावं का? करायचं तर पुढे समुपदेशन शिकावं की सार्वजनिक आरोग्य?

उत्तर: आधी त्या सहाचं बघू. ही प्रश्नावली ज्या अभ्यासातून आली, तो डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि साथरोगतज्ज्ञ रॉबर्ट आंडा यांनी १९९५ ते १९९७ दरम्यान अमेरिकेतल्या सॅन डिएगोत केला. सतरा हजारांहून अधिक प्रौढ त्यात होते. चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव आलेल्यांत हृदयविकार, फुप्फुसांचे आजार, नैराश्य, व्यसनं यांचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. पण हे हजारोंच्या गटाचं गणित आहे. त्रास किती तीव्र होता, किती वर्षं चालला, हे ते गुण मोजतच नाहीत. म्हणून एकट्या माणसाचा धोका त्यावरून ठरवू नका, असं खुद्द आंडा यांनी २०२० मध्ये लिहिलं. हृदयाची काळजी वाटते ना? मग रक्तदाब तपासून घे.

आता खेड्याचं. त्या अभ्यासातले लोक शहरातले, आरोग्यविमा असलेले, बरेचसे कॉलेजात गेलेले. खेड्यात दवाखाना लांब, त्यामुळे आजार उशिरा कळतो. त्याहून अवघड म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात. समुपदेशकाच्या दारात कोण उभं होतं, हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. मग मार खाणारं पोर बोलणार कुणाशी? बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला हे समजायला वर्षं लागतात, तुला ते आधीच माहीत आहे.

हवाईतल्या काउआई या ग्रामीण बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. सर्वांत बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांना बहुतेकदा एखादं तरी भरवशाचं माणूस लाभलं होतं: आजी, मावशी, शिक्षक.

म्हणून माझं मत सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने. समुपदेशक एका वेळी एकाचं ऐकतो. गावातल्या पोरांना असं माणूस मिळेल अशी व्यवस्था शाळेतून, दवाखान्यातून उभी करणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम. त्यासाठी संख्याशास्त्र पक्कं लागेल. मानसशास्त्राची मुलं त्यालाच घाबरतात, हे मी दरवर्षी पाहतो.

समुपदेशनच करायचं असेल तर अडवत नाही. फक्त आधी स्वतः समुपदेशकाकडे जा, शक्यतो तुझ्या गावाबाहेरच्या. दुसऱ्याच्या घरातली मारहाण ऐकताना तुला स्वतःचं घर आठवणारच. तेव्हा काय करायचं, हे तिथे शिकता येतं. आणि प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी महिनाभर एखाद्या आरोग्यसेविकेबरोबर घरोघरी फिर. बायका तिच्याशी काय बोलतात, कुठे गप्प होतात, ते वहीत टिपून ठेव. नावं मात्र लिहू नकोस.