सिएरा सॅफायर कॉसवर्थच्या टर्बो इंजिनाचं एवढं कौतुक का?

तुम्ही विचारलंय की आजची बाराशे सीसीची टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेली गाडीसुद्धा १३० हॉर्सपॉवर देते, मग फोर्डच्या १९८८ च्या सॅफायर कॉसवर्थने दोन लिटरमधून २०४ काढले यात एवढं काय? आकडा बरोबर आहे. पण हे इंजिन मुळात शर्यतीसाठी घडवलं आणि रस्त्यासाठी २०४ वर आवरून धरलं. कौतुक आहे ते त्या राखून ठेवलेल्या ताकदीचं.

तेव्हा ग्रुप ए, म्हणजे विक्रीतल्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या शर्यतीत गाडी उतरवायची तर तशा पाच हजार गाड्या बनवणं भाग होतं. म्हणून १९८६ मध्ये तीन दरवाजांची सिएरा कॉसवर्थ आली आणि दोन वर्षांनी तेच इंजिन चार दरवाजांच्या सॅफायरमध्ये बसलं. मला सगळ्यात भावतं ते हे, की त्याचा बिडाचा ब्लॉक फोर्डच्या साध्या घरगुती गाड्यांमधल्या पिंटो इंजिनाचा! इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थ या शर्यतीची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने त्यावर अॅल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्हचं हेड चढवलं. आत घडीव पिस्टन, त्यांना थंड ठेवायला खालून तेलाची धार, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले. २०४ हॉर्सपॉवरसाठी एवढा बंदोबस्त कोण करतं?

त्याचा हिशेब १९८७ च्या आरएस ५०० मध्ये, म्हणजे तीन दरवाजांच्या गाडीच्या शर्यतीसाठी काढलेल्या आवृत्तीत दिसतो. फक्त ५०० गाड्या, मोठा टर्बो आणि पेट्रोल फवारणारे चारऐवजी आठ इंजेक्टर. रस्त्यावरच्या गाडीत त्यातले चार नुसते बसून असायचे. शर्यतीत मात्र याच इंजिनाने ५०० च्या वर हॉर्सपॉवर दिले. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षं या गाड्यांनी जिंकली.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मित्राची सॅफायर मी एकदाच चालवली आहे. तीन हजार आरपीएमपर्यंत गाडी सुस्त वाटते. कारण टर्बोने कोंबलेल्या हवेमुळे नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं, होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते प्रमाण) ८:१ एवढं कमी ठेवलंय, आणि टर्बाइन जोरात फिरवण्याइतका धूर एक्झॉस्टमधून अजून येत नसतो. मग शिट्टीसारखा बारीक आवाज चढतो आणि गाडी मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. आजच्या इंजिनांत टर्बाइन हलकी असते, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे खालपासूनच ओढ मिळते. रोजच्या वापराला तेच बरं, यात शंका नाही. पण तो थांबून येणारा धक्का त्यांत नाही.

कधी बसायची संधी मिळाली तर आधी विचारा, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलाय का. ब्लॉक सहज सोसतो म्हणून बहुतेकांनी इंजिनाच्या कॉम्प्युटरची चिप बदलून ताकद वाढवून घेतली, त्यामुळे मूळ २०४ वर राहिलेली गाडी आता जपून ठेवलेल्यांकडेच सापडते.