लोडरवर बसण्याआधी सीट लाव

मित्रा, लोडरचे (माती-खडी उचलणाऱ्या मशीनचे) हादरे पाठीला बाधू नयेत म्हणून पहिल्या महिन्यात एवढं सांभाळ, बाकी सावकाश येईल.

सगळ्यात आधी सीटचा वजनाचा नॉब, म्हणजे बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे सीट कडक-मऊ करायची कळ. आधीच्या शिफ्टचा ऑपरेटर 90 किलोचा आणि तू 60 चा, तर सीट तुला कडक बसणार आणि दणका थेट मणक्यात जाणार. उलट असेल तर सीट खड्ड्यात खाली आपटते, तो धक्का आणखी वाईट. बसल्यावर सीट वर-खाली दोन्हीकडे सारखी हलेल असं लाव. रोज लाव, कारण मुंबईत एकाच मशीनवर शिफ्टगणिक माणूस बदलतो.

नवीन पोरं हमखास करतात त्या चुका:

- घरची उशी टाकणं. मऊ वाटतं, पण जाड फोम संथ हादरे उलट वाढवू शकतो, शिवाय पेडल लांब जातं.
- रिकाम्या गाडीचा वेग. पावसाळ्यात यार्डातले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. हळू चालव, हादरे कमी करायला याहून स्वस्त उपाय नाही.
- केबिनमधून उडी मारून उतरणं.

युरोपातली 8 तासांच्या कामासाठीची हादऱ्यांची मोजमापं (0.5 मीटर प्रति सेकंद वर्गला उपाय सुरू करायचे, 1.15 ही कमाल मर्यादा) नंतर शिकशील. सीट सारखी आपटत असेल तर मात्र सुपरवायझरला त्याच दिवशी लेखी कळव.