उखाणा घालायचा की घ्यायचा?

प्रश्न असा आहे : मुलांच्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत ‘उखाणे आणि सामान्यज्ञान’ असे छापले होते, उखाणा म्हणजे लग्नकार्यात नाव घेणे, मग मुलांच्या कोड्यांना हा शब्द लावणे चूक नव्हे का?

चूक मुळीच नाही. उखाण्याचा ‘कोडे’ हा अर्थ आपल्या बोलण्यातून मागे पडला आहे, एवढेच. ‘सूपभर लाह्या, मध्ये रुपया’ (चांदण्या आणि चंद्र) किंवा ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ (दात आणि जीभ) हे अस्सल उखाणेच आहेत. दोन अर्थांतला भेद मराठीने क्रियापदाने सांभाळला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो : कोड्याचा उखाणा दुसऱ्याला ‘घालतात’, नावाचा उखाणा स्वतः ‘घेतात’. पहिल्यात समोरच्याने उत्तर द्यायचे असते. दुसऱ्यात पूर्वी एरवी न उच्चारले जाणारे पतीचे नाव यमकाच्या आडोशाने सांगायचे असते. आडोसा दोन्हीकडे आहे, त्यामुळे एकच शब्द दोन्हींना शोभतो. गोव्याच्या कोंकणीत कोड्याला ‘हुमाणें’ म्हणतात. हिंदीतली ‘पहेली’ मात्र संस्कृत ‘प्रहेलिके’पासून आली, जिचे 16 प्रकार संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने आपल्या ‘काव्यादर्श’ या ग्रंथात सांगितले आहेत.

‘कूट’ हा शब्द यांहून वेगळा ठेवावा. (दाण्याच्या कुटाशी त्याचा संबंध नाही, ते ‘कुटणे’ या क्रियापदातले.) उखाण्यात वस्तू एखाद्या चित्रामागे लपते, कूटात अर्थ शब्दांच्याच पोटात लपतो. ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः । रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव ॥’ हा प्रसिद्ध श्लोक वरवर महाभारतातला प्रसंग वाटतो, आणि कृष्ण पडल्यावर द्रोणाला आनंद व कौरवांना शोक का व्हावा, असा पेच पडतो. ‘के शवम्’, म्हणजे पाण्यात प्रेत, अशी फोड केली आणि द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे हे ध्यानात घेतले, की पेच सुटतो : पाण्यात पडलेले प्रेत कावळ्याला गाठता येते, कोल्ह्यांना येत नाही.

‘कोडे’ हा या सर्वांना सामावणारा शब्द आहे. शब्दकोडे, आकड्यांचे कोडे, तर्काचे कोडे सारे त्यात बसते. सामान्यज्ञानाचा प्रश्न मात्र त्यात बसत नाही, आणि हल्ली जी सरमिसळ होते ती मला खटकते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते, याचे उत्तर कळसूबाई, 1646 मीटर, हे ठाऊक असावे लागते. कितीही डोके खाजवले तरी ते प्रश्नातून निघत नाही. कोड्याचे उत्तर कळल्यावर ते प्रश्नातच दडले होते हे पटते, आणि ‘कोडे सुटले’, ‘उलगडले’ असे आपण म्हणतो ते त्यामुळेच. सामान्यज्ञानाचा प्रश्न कोणी ‘उलगडत’ नाही, त्याचे उत्तर ‘येते’ किंवा ‘येत नाही’.

म्हणून पत्रिकेत ‘आणि’ घालून दोन्ही वेगळे ठेवले, ते योग्यच झाले. आजच्या पालकांचा गैरसमज टाळायचा असेल, तर ‘उखाणे’ऐवजी ‘कोडी’ लिहावे. पण मुलांना मात्र तो उखाणा म्हणूनच घालावा.