वर्षभर नेमानं एकच कलाकाम केल्यावर नेमकं काय हाती लागतं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून लिनोकट (लिनोलियमवर कोरून ठसे घेण्याचं काम) सुरू केलं, महिनाभर उत्साह टिकला आणि मग हात थंडावला. आणि विचारलंय, ज्यांनी एखादं काम वर्षभर लावून धरलं त्यांच्या पदरात शेवटी काय पडलं? माझं वर्ष नुकतंच दसऱ्याला पुरं झालं, म्हणून सांगते.

मी सावंतवाडीजवळ राहते, शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या दसऱ्याला पूजेत कुंचले मांडले आणि ठरवलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत दशावतारी गंजिफाचा एक अख्खा संच आपल्या हातानं करायचा. अगदी पानं बनवण्यापासून.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मूळ खेळ इराणकडचा. बाबरानं 1527 साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्यात दशावतार आले. दहा अवतारांचे दहा रंग, इस्पिक-बदाम असतात तसे. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. एकूण 120. सावंतवाडीत ही कला जवळपास बुडाली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा उभं केलं. आजही तिथल्या दरबार हॉलमध्ये कलाकार पानं रंगवताना दिसतात. लहानपणी मी तिथे इतका वेळ रेंगाळायचे की आईला मला ओढत घरी न्यावं लागायचं.

सुरुवातीला माझ्या डोळ्यांपुढे फक्त राजे होते. मुकुट, प्रभावळ, सिंहासन, मागे चवरी ढाळणारा सेवक. पहिल्या दोन महिन्यांत मी दहाही राजे रंगवून काढले. घरी आलेला प्रत्येक माणूस वा वा करून गेला. आणि मग लक्षात आलं की 120 पानांत राजे-वजीर मिळून फक्त 20 आहेत. बाकीची 100 पानं साधी, म्हणजे त्यांच्यावर नुसती चिन्हं. हिशेब करून बघा: एक्क्याला एक, दुर्रीला दोन असं दश्शीपर्यंत केलं तर एका रंगात 55 चिन्हं होतात. माझ्या संचात मत्स्याचे 55 मासे, कूर्माची 55 कासवं, वराहाचे 55 शंख, कृष्णाच्या 55 गाई. सगळे मिळून 550.

तुमचा हात जिथे थंडावतो, ती जागा हीच असणार असं मला वाटतं. राजे संपले आणि मासे उरले, की कंटाळा येतो. मलाही आला. डिसेंबरात बारा दिवस मी कुंचल्याला हात लावला नाही.

पण जे काही शिकले ते माशांनी शिकवलं. आमच्या शेजारच्या काकी एकदा ताक घेऊन आल्या, चौकटीवर वाळत ठेवलेली पानं बघितली आणि म्हणाल्या, “गो बाय, ह्यो मत्स्य नाय, ह्यो बांगडो.” मी म्हटलं, काकी, मासा तो मासाच. त्या म्हणाल्या, “तुझ्या माशाक पाणी खंय हा?” दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन अर्धा तास नुसती मासे बघत राहिले, तेव्हा त्या काय म्हणत होत्या ते उमगलं. मी प्रत्येक मासा आडवा, टोपलीत टाकल्यासारखा काढत होते. पाण्यातला मासा वळतो. पाठीची एकच रेघ, डोक्याशी जाड, शेपटीकडे बारीक होत जाणारी, आणि ती एका दमात मारायची. मध्ये कुंचला उचलला की मासा मेला. बाकी काय, एक ठिपका डोळ्याचा आणि तीन रेघा शेपटीच्या. ती एक रेघ जमायला मला मत्स्याची पंजी, छक्की आणि सत्ती खर्ची घालावी लागली.

सत्तीचं तर वेगळंच प्रकरण. गोलात चार चिन्हं सहज बसतात, सहाही बसतात. सात म्हटलं की एक मध्ये ठेवावं लागतं आणि सहा भोवती. मग मधला मासा कुठल्या दिशेला तोंड करणार? तो जिकडे बघतो तिकडे पान कलतं. हे मी शाळेत मुलांना ‘समतोल’ या धड्यात अठरा वर्षं शिकवत आलेय, पण साडेसात सेंटिमीटरच्या गोलात दहा रंगांच्या दहा सत्त्या काढल्यावर ते मला स्वतःला कळलं.

आता सामानाबद्दल थोडं. हाताचं कौशल्य वाढतं असं सगळेच सांगतात, पण वर्षभराचे ऋतू कामात शिरतात हे कुणी सांगत नाही. मी पानं जुन्या पद्धतीनं करायचं ठरवलं होतं: सुती धोतराचे आणि कागदाचे थर, मध्ये चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटायचे आणि मंद आचेवर घोटत राहायचं, गाठ राहू द्यायची नाही. थर वाळले की पत्र्याचा गोल ठेवून पान कापायचं, वर खडूच्या भुकटीचा डिंकातला हात द्यायचा आणि गारगोटीनं घासून गुळगुळीत करायचं. थंडीत हे सगळं सुरेख झालं. जूनमध्ये आभाळ फुटलं आणि पेटीत ठेवलेल्या 34 कोऱ्या पानांवर हिरवट बुरशी आली. चूक माझीच. खळीत चिमूटभर मोरचूद घालायला हवं होतं, बुकबाइंडिंगवाले घालतात तसं. पेटी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची, हेही सासूबाईंनी नंतर सांगितलं. उरलेली पानं वाकली, कारण मी रंग एकाच बाजूनं चढवत होते. मागची बाजूही त्याच दिवशी रंगवली तर दोन्हीकडून सारखा ताण बसतो आणि पान सपाट राहतं. ही दोन वाक्यं लिहायला मला दोन मिनिटं लागली. शिकायला अख्खा आषाढ गेला.

मग चतुर्थी. कोकणात चतुर्थीला दुसरं काही होत नाही, हे आधीच धरून चालायला हवं होतं. त्या तीन आठवड्यांत माझ्या वहीत एकही नोंद नाही आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. ‘रोज काहीतरी करा, रोज फोटो टाका’ या आव्हानांवर माझा विश्वास नाही. मी जानेवारीत पंधरा दिवस ते करून पाहिलं. रोज दाखवायला काहीतरी हवं म्हणून मी पुन्हा वजिरांकडे वळले, कारण साध्या छक्कीचा फोटो कोण बघणार? काम फोटोच्या मागे धावायला लागलं, तेव्हा बंद केलं. वही मात्र सोडली नाही. तारीख, कुठलं पान, काय बिघडलं, एवढंच.

सगळ्यात मोठा धक्का मे महिन्यात बसला. सुट्टी होती, सहा रंग तयार होते. राम आणि कृष्ण मी मुद्दाम आधी केले होते. आमच्या वाडीतल्या एका आजोबांना लहानपणी शिकलेला हा खेळ अजून आठवतो. त्यांनी मला आणि सासूबाईंना बसवलं. खेळ तिघांचाच असतो. पुऱ्या संचात प्रत्येकाला 40 पानं येतात, आम्ही 72 पानांत 24-24 घेऊन निभावलं. दिवसा खेळाची सुरुवात रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो करतो, रात्री कृष्णाचा. हे मी वाचलेलं होतं, पण दिवेलागणीला सासूबाई तुळशीपाशी दिवा लावून आल्या आणि आजोबांनी गंभीरपणे “आता कृष्ण” म्हटलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आणि त्याच डावात त्यांनी कृष्णाच्या पानावर वराहाची नव्वी टाकली. मला वाटलं वयामुळे झालं असेल. त्यांनी दोन्ही पानं बल्बखाली माझ्यापुढे धरली. “दिव्यात ह्ये दोनय रंग सारखेच दिसतत.” खरंच होतं. माझा गडद निळा आणि गडद हिरवा दिवसाच्या उजेडात छान वेगळे दिसत होते, पिवळ्या दिव्याखाली दोन्ही काळे. आणि हातात चोवीस पानं असली की पूर्ण चित्र कोण बघतो? बोटांच्या वर दिसते ती फक्त कड आणि कडेचा रंग. मी आठ महिने चित्रं काढत होते, पत्ते करत नव्हते. वराहाची बाराही पानं मी पुन्हा केली, या वेळी पिवळ्या पार्श्वभूमीवर, आणि हा रंग निवडला रात्री, दिव्याखाली.

म्हणून तुम्हाला मनापासून सुचवावंसं वाटतं: लिनोकटमध्ये असं काहीतरी घ्या ज्याला मोजदाद आहे आणि जे कुणाच्या तरी हातात जाऊन वापरलं जाईल. बारा महिन्यांची दिनदर्शिका घ्या, घरच्या मसाल्याच्या बरण्यांच्या चिठ्ठ्या घ्या. आणि पहिला ठसा लवकर वापरायला द्या, भिंतीवर लावायला नको. वापरणारा माणूस एका संध्याकाळी जे दाखवून देतो ते आपल्याला एकट्यानं दिसत नाही.

दसऱ्याला मी सगळी पानं चादरीवर ओळीनं मांडली. 113 झाली होती. पहिले राजे, ज्यांचं एवढं कौतुक झालं होतं, ते आता मला ताठरलेले दिसले. नवव्या अवताराला मी विठ्ठल काढलाय. महाराष्ट्रात दशावताराच्या जुन्या चित्रांत बुद्धाच्या जागी तो कमरेवर हात ठेवून उभा असलेला अनेकदा दिसतो. त्याच्या साध्या पानांवरची कमळं मी सप्टेंबरात काढायला घेतली आणि ती त्या राजापेक्षा कितीतरी जिवंत आहेत. मत्स्याची दश्शी तेवढी नव्यानं काढली. जुनी टाकली नाही, वहीत चिकटवली, शेजारी तारीख घातली. राजे तसेच ठेवलेत.

सात पानं राहिलीत: कमळांची शेवटची पाच, कल्कीचा वजीर आणि त्याची दश्शी. आजोबांचे धाकटे भाऊ दिवाळीला मुंबईहून येतायत आणि त्यांनाही खेळ येतो म्हणे. तोवर सातही पानांवर लाखेचा हात मारून ती वाळायला हवीत. आज खळ करायला चिंचोके भिजत घातलेत.