टाइप-सी म्हणजे वेग नव्हे

पहिली एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घेतलीत, अभिनंदन! थंडरबोल्ट (टाइप-सी तोंडाचीच, पण जास्त वेगाची जोडणी) घ्यायला हवं होतं का, हा प्रश्न आत्ता डोक्यातून काढून टाका. त्याआधी एवढंच बघा.

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. आतून तीच केबल यूएसबी २.० असू शकते (सेकंदाला ४८० मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी), नाहीतर ५, १०, अगदी ४० गिगाबिटचीही. नवशिके हमखास इथेच फसतात. मीही फसलो होतो. नवी एसएसडी मोबाइलच्या चार्जरच्या केबलने जोडली, कॉपीचा आकडा सेकंदाला ३८ एमबीच्या वर सरकेना. तणतणत दुकानात परत गेलो. दुकानदाराने काही न बोलता खोक्यातली आखूड केबल काढून लावली, आकडा थेट चारशेच्या पुढे!

म्हणून:

- खोक्यात आलेलीच केबल वापरा. चार्जिंगच्या बहुतेक केबली २.० च्याच असतात.
- जुन्या चौकोनी पोर्टात आतली प्लास्टिकची जीभ निळी दिसली तर बहुधा यूएसबी ३.० (५ गिगाबिट) आहे. काळी असेल तर लॅपटॉपची माहिती तपासा.
- स्वस्त हबमधून (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीतून) जोडू नका, थेट लॅपटॉपला लावा.
- लॅपटॉपवर 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल उपटू नका. हे मी दहादा सांगतो, तरी लोक उपटतातच.

एसएसडी नसून आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ५ गिगाबिट भरपूर झाले, ती स्वतःच सव्वाशे-दीडशे एमबीवर दमते. थंडरबोल्टचं, ४० गिगाबिटचं नंतर बघू. आज कॉपी लावा आणि किती आकडा येतो ते कळवा.