वाचकांचे प्रश्न : डिडक्टिबल आणि को-पेमेंट

प्रश्न : माझ्या आरोग्य विम्यात ‘डिडक्टिबल’ आणि ‘को-पेमेंट’ या दोन्ही अटी आहेत. पैसे दोन्हीकडे मीच भरायचे, तर फरक कोणता?

उत्तर : डिडक्टिबल ही ठरावीक रक्कम असून तेवढा खर्च आपण सोसल्याशिवाय कंपनीची जबाबदारी सुरूच होत नाही, को-पेमेंट हा मात्र सहसा मान्य दाव्याचा ठरावीक टक्के हिस्सा असतो, त्यामुळे बिल वाढले की तोही वाढतो. मान्य खर्च 100, डिडक्टिबल 20 आणि को-पेमेंट 10 टक्के धरा. डिडक्टिबल आधी वजा होत असेल, तर उरलेल्या 80 पैकी 8 पुन्हा आपलेच आणि कंपनीचे 72. डिडक्टिबल प्रत्येक दाव्याला लागू आहे की वर्षभराच्या एकूण खर्चाला, हे मात्र (जाहिरातीत नव्हे) मूळ पॉलिसीतच वाचावे.